आपोआप लागणारे दिवे आणि बबनचं लग्न

किस्से जमवायचे म्हणून आम्ही कधी जमवले नाहीत. कुणाकडं दिवा बसवायला गेलो की परत येताना पिशवीत पक्कड, टेस्टर, उरलेली वायर आणि एक किस्सा असायचाच. वायर कधीच संपली, किस्से तेवढे उरलेत!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कराडला माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं एवढंसं दुकान. माणसं तीन. मी, बबन आणि सुभेदार काका. बबन वायरमन, गरीब स्वभावाचा, खिळा ठोकायच्या आधी भिंतीला विचारेल असा. सुभेदार काका म्हणजे कांबळे काका. जन्म फौजेच्या सिग्नल पलटणीत, तारा जोडण्यात गेला आणि रिटायर होऊन गावी आले ते डोक्यात एकच खूळ घेऊन. "बटण दाबायला माणूस कशाला पायजे?"

मग काय! अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, दार उघडलं की लागणारा दिवा. काका सर्किट जोडायचे, बबन बसवायचा आणि लोकांच्या शिव्या मी खायचो.

*

पहिली ऑर्डर साताऱ्याच्या एका रिटायर हेडमास्तरांची. व्हरांड्यात दिवा आणि त्याला उजेड ओळखणारा सेन्सर. अंधार पडला की दिवा लागणार, उजाडलं की विझणार. बसवला, चहा घेतला, ऐटीत परत आलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात मास्तरांचा फोन. "ताबडतोब या!"

पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. बघतो तर काय, दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय! रस्त्यावर माणसं थांबलेली. एक बाई विचारत होती, "कुणाचं लगीन हाय वो?"

आम्ही शहाण्यांनी सेन्सर बरोब्बर दिव्याच्या खाली बसवला होता. दिवा लागला की सेन्सरला वाटायचं उजाडलं, की तो दिवा विझवणार. विझवला की वाटायचं अंधार पडला!

मास्तर हाताची घडी घालून उभे. म्हणाले, "उभा जन्म पोरांना शिकवण्यात गेला. पण सेकंदाला मत बदलणारं कार्टं आज पहिल्यांदा बघतोय!"

*

शिराळ्याच्या एका शेतकऱ्यानं गोठ्यात तसलाच दिवा बसवून घेतला. या वेळी सेन्सर दिव्यापासून लांब, पार पलीकडच्या खांबावर. म्हटलं, आता कोण चुका काढतो बघू.

पंधरा दिवसांनी सहज चौकशीला गेलो तर भर दुपारी दिवा चालू! माझं डोकंच फिरलं. बबनवर ओरडणार, तेवढ्यात दिसलं. खांबाला म्हैस बांधलेली. ती उभी राहिली की तिच्या अंगानं सेन्सर झाकला जायचा. दिवा लागायचा. बसली की विझायचा.

"पाव्हणं, चूक झाली," मी म्हटलं, "आत्ता दुसरीकडं लावून देतो."

पाव्हणा आडवाच पडला! "आवं, हात लावायचा न्हाई! घरात बसून कळतंय, म्हस उठली का बसली. सगळं गाव बघून गेलंय!"

काकांनी तेव्हा वहीत लिहून ठेवलं, 'म्हशीसाठी उपयुक्त.'

*

सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. त्यांच्या मंडळींनी आमच्याकडून फडताळाला दिवा बसवून घेतला. दार उघडलं की दिवा लागणार, पण फडताळात नाही, बाहेर स्वयंपाकघरात! म्हणजे लाडवाच्या डब्याला हात लागायच्या आत घरभर बोभाटा.

आठवड्यानं शेटजी स्वतः कराडला दुकानात हजर. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "दिवा काढू नका. संशय येईल. फक्त मी उघडलं तर लागू नये, एवढं करा!"

मी हसून हसून खुर्चीवरनं पडायचा बाकी. काका मात्र दोन दिवस खरंच त्यावर विचार करत बसले.

*

आता बबनचं. पोरगं लग्नाचं झालेलं, पण जमेना. एका गावी बघायला गेलो. मुलीच्या बापानं विचारलं, "काय करतासा?"

बबननं छाती काढून सांगितलं, "आपोआप लागणारे दिवे बसवतो."

बापानं पानाला चुना लावला. मग म्हणाला, "दिवं आपोआप लागत्यात, मग तुमी काय करतासा?"

पोहे खाल्ले आणि निघालो.

*

त्यानंतर काकांनी टाळीचा दिवा काढला. एक टाळी वाजवली की लागणार, दुसरी वाजवली की विझणार. पहिला नग माझ्याच घरी लावला. मी बाहेर सोप्यात बसून सारख्या टाळ्या वाजवतोय, पोरं नाचतायत, असला आनंद!

संध्याकाळी बायको चुलीपुढं भाकरी थापायला बसली. थाप् थाप् थाप्! दिवा लागतोय, विझतोय, लागतोय! चार भाकरींत माझ्या म्हाताऱ्या आईला चक्कर आली. बायको पिठाच्या हातानंच बाहेर आली. "भाकरी थापू का दिवा लावू? एक काय त्ये सांगा!"

काकांना ते लागलं. फौजी माणूस! सर्किट घरी घेऊन गेले आणि महिनाभर त्याच्यापुढं नाही नाही ते आवाज काढले. खोकले, शिंकले, भाकरी थापायला लावल्या, पातेली आपटली, कुत्रं भुंकवलं. मग येऊन जाहीर केलं, "आता घरातला कुठलाबी आवाज होऊ दे, टाळीबिगर दिवा हलणार न्हाई!" आम्ही मान डोलावली.

*

त्याच सुमाराला औंधचं स्थळ आलं. मुलगी शालन. बबनला अशी पसंत पडली, की आठ दिवस पोरगं उलट्या वायरी जोडत होतं. पण तिचे वडील तात्या ऐकेनात.

"पोरगा सोन्यासारखा हाय," ते म्हणाले. "पर माझा भाऊ मोटरीच्या बटणाला चिकटून गेला. मी सोता काठीनं वडलाय त्याला. माझ्या पोरीच्या कपाळी त्ये नगं."

बबन खाली मान घालून बसला. शेवटी थोरामोठ्यांनी तात्यांना कसंबसं सुपारीपर्यंत आणलं. पण तेही बजावून, "जरा जरी आडवं गेलं, तर मी उठणार."

काका म्हणाले, "बटणाला हातच लावायचा न्हाई, मग शॉक लागंल कुठनं? तात्यांच्या घरात टाळीचा दिवा लावूया!"

सुपारीच्या दिवशी दुपारीच आम्ही तिघं औंधला गेलो. तात्या पाव्हण्यांना आणायला गेलेले. शालनच्या आईला विचारून सोप्यातला दिवा टाळीवर घेतला. तीन-चारदा वाजवून बघितला, फस्क्लास! आत बायका पुरणाच्या घाईत, मधूनच कुणीतरी दारातनं डोकावून जाई. बेत असा, की सुपारी फुटली की बबन टाळी वाजवणार आणि म्हणणार, "मामा, आता बटणाची भीती नाही." तोवर तात्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

तिन्हीसांजेला सोपा माणसांनी भरला. काकांनी कुणाचं लक्ष नसताना टाळी देऊन दिवा लावून ठेवला होता. तात्यांनी उंबऱ्यावर सुपारी ठेवली, वरवंटा घेतला, एकदा बबनकडं बघितलं आणि हाणला. खाट!

दिवा गेला.

कुणीतरी म्हणालं, "लाईट गेली!"

अंधारातनं शालनच्या आत्याचा आवाज आला, "लाईट कुठं गेलीया? पंखा फिरतोय की!"

मी गार! काका माझ्या कानाशी पुटपुटले, "आमच्यात बुद्धवंदना असती रं. सुपारी अशी वरवंट्यानं फोडत्यात, ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाई!" खरंच होतं. आणि सांगणार कोण? मी आणि बबन! आम्ही जन्मभर सुपाऱ्या फुटताना बघितल्या आणि एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

"अपशकुन गं बाई," आत्या म्हणाली. "नगं ही सोयरीक."

मी टाळीसाठी हात उचलले तर काकांनी मनगट धरलं. "येडा हायस का? अपशकुनावर टाळ्या पिटतोय म्हणतील!" ते ऐकून शेजारच्या बबननं आपलेही हात मांडीखाली दाबले.

"मी म्हनलंच हुतं," तात्या म्हणाले, आणि उठल्याचा आवाज आला. मागनं आणखी चारजण उठले. संपलं सगळं!

तेवढ्यात आतल्या दारातनं एक टाळी वाजली.

लख्ख दिवा! दारात शालन उभी. हाताला पीठ, डोक्यावर पदर. मुलीला अजून कुणी बाहेर बोलावलं नव्हतं. सगळी माणसं एकदा दिव्याकडं बघतायत, एकदा तिच्याकडं. आत्याच्या तोंडाचा आ झालेला.

"आगं, तुला कुणी बोलावलं?"

शालननं आत्याकडं बघितलं नाही, बबनकडं तर नाहीच. सरळ उंबऱ्यापाशी आली. खाली वाकून सुपारीची दोन्ही खांडं उचलली आणि उभ्या तात्यांच्या हातावर ठेवली.

"सुपारी फुटलीया, तात्या. बसा खाली."

आणि तात्या बसले!