ज्योतीतून ऐकवलेली बातमी

आमचे हे आज सकाळी गेले. मी शेजारी नव्हते. पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभी होते.

पट्टी म्हणजे आयसीयूतली. नातेवाइकांनी तिच्या पुढे जायचं नाही.

अशीच एक रेघ ह्यांनी साठेक वर्षांपूर्वी परळच्या चाळीत, स्वतःच्या खोलीत खडूने मारली होती. आज तिच्याबद्दलच लिहिते. फोनवर टाइप करायला नातीने शिकवलंय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तेव्हा आमचं लग्न झालं नव्हतं. मी समोरच्या खोलीतली सुमन. हे दत्ताराम, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. मी ह्यांना सरळ अरे-तुरे करायचे.

ह्यांचे वडील, तात्या, मूळचे कोकणातले; गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. त्या खडखडाटात उभी हयात गेली आणि कान कामातून गेले. घरात त्यांच्याशी बोलायचं ते पाटीवर लिहून.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. तात्या एक सभा चुकवायचे नाहीत. अगदी पुढे जाऊन बसायचे. शेजारचा टाळी वाजवतो का बघायचे, मग आपण वाजवायचे.

एकदा शेजारच्याने डास मारला. तात्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? हे हसले नाहीत.

घरी येताना म्हणाले, "मुंबई मिळाल्याची बातमी तात्यांना पाटीवर वाचू देणार नाही. कानांनी ऐकवणार."

युक्ती सापडली रद्दीतल्या एका परदेशी मासिकात. स्पीकरचा कागदी पडदाच नको. तारेच्या वेटोळ्यात विजेचा दाब एवढा चढवायचा की टोकाशी हवाच पेटते, जांभळी ज्योत होते. त्या विजेत आवाज मिसळला की ज्योत थरथरते आणि ज्योतच बोलते. टेस्ला कॉइल म्हणतात त्या वेटोळ्याला.

ह्यांचं म्हणणं, तात्यांना बारीक, टोकदार आवाज तेवढे ऐकू येत नाहीत. आणि ज्योत नेमके तेच लख्ख काढते.

"चाळ पेटवशील," मी म्हटलं.

"अगं, उदबत्तीएवढी ज्योत ती!"

कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आणली. तिच्यावर केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. एकही दुसऱ्यावर चढता कामा नये. ह्यांनी दोनदा गुंडाळलं, दोन्ही वेळा मधेच ठिणगी उडाली आणि सगळं जळालं.

तिसऱ्यांदा तात्यांनी नळी हातातून काढूनच घेतली. डोळे मिटले. अंगठ्याने चाचपत एकेक वेढा बसवला.

"धागो धाग्यार चढता नये," म्हणाले. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

ज्योत पेटली. वास असा, जणू जवळच वीज पडलीय. हात लागला तर भाजेल म्हणून ह्यांनी जमिनीवर रेघ मारली. ग्रामोफोनची तबकडी लावली आणि त्या टिचभर ज्योतीतून सनई वाजली. माझ्या अंगावर काटा आला.

तात्यांना मात्र ऐकवलं नाही. पहिला शब्द मुंबईचाच असणार, हा ह्यांचा हट्ट.

आणि तिथेच फसले. तबकडीवर सगळं तपासलं, रेडिओ एकदाही जोडून बघितला नाही.

शेवटी एका संध्याकाळी मुंबईची बातमी येणार हे सगळ्यांना कळलं. चाळीतल्या चारही रेडिओंभोवती माणसं जमलेली. ह्यांनी आपला रेडिओ जोडला, तात्यांना रेघेशी उभं केलं, ज्योत पेटवली.

नुसती खरखर.

आमच्याच नाही, चारही रेडिओंवर खरखर! ती ज्योत आसपासचा प्रत्येक रेडिओ गिळून बसली होती.

"दत्ता, तुझी भुताटकी बंद कर आधी!" गॅलरीतून दहा जण ओरडले.

बंद केली. दोन मिनिटांत खालून एकच गलका झाला. माणसं गॅलरीत येऊन नाचायला लागली. तात्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय झाला? काय झाला रे?"

ह्यांनी पाटी उचलली. खडू घेतला. एवढा हताश माणूस मी तोवर बघितला नव्हता.

मी तो खडू हिसकावून घेतला.

"पेटव परत. रेडिओ राहू दे. माइक दे मला."

टेलिफोनच्या मोडक्या रिसीव्हरचा माइक होता. बाहेर लोक नाचत होते, आता खरखरीची फिकीर कुणाला? मी बोलले, "तात्या, मुंबई आपली झाली."

ज्योत हलली.

तात्यांनी मान तिरकी केली. रेघ ओलांडून पुढे यायला निघाले, ह्यांनी मागून कमरेला मिठी मारून धरलं.

"परत बोल गो चेडवा," तात्या म्हणाले.

मी परत बोलले. तात्या मटकन खाली बसले आणि टाळ्या वाजवायला लागले. या वेळी कुणाकडे न बघता.

चार महिन्यांनी आमचं लग्न झालं. बाकी संसार चारचौघांसारखा. भांडलो, पोरं वाढवली. शेवटी ह्यांचेही कान गेले आणि यंत्र लावायचं म्हटलं की फुरंगटून बसायचे. तात्यांसाठी एवढं करणारा माणूस, स्वतःच्या कानांसाठी काडीचं काही केलं नाही.

आज सकाळी सिस्टर म्हणाली, "आजी, इथूनच बोला. पण मोठ्याने."

इतकी वर्षं तोंडाचा पट्टा चालवला, आणि ऐन वेळी काही सुचेना. मग तेच आलं.

"दत्ता, मुंबई आपली झाली रे!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

मी दोनदा बोलले. परत बोल म्हणायला कुणी नव्हतं, तरी बोलले.

दत्ता, तुझ्या सुमनचा तुला शेवटचा नमस्कार.