अर्ध्यावरचा झेंडा आणि आमच्या सासूबाई

आमच्या सासूबाईंशी कुणी वाद घालू नये. मी घालते, कारण मला दुसरा इलाज नाही, एका घरात राहायचंय. मीठ कमी पडलं, दार उघडं राहिलं, चहा पांचट झाला, सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू. पण अग्निशमन केंद्रात त्यांच्यासमोर आवाज चढवायची भल्याभल्या दांडगटांची छाती होत नाही.

सासरे गेल्यावर त्यांच्या जागी ह्या लागल्या. आग विझवून गाड्या परतल्या की काजळीनं माखलेले लांबच लांब पाईप घासून धुवायचे आणि मागच्या मनोऱ्यात कप्पीवरून वर ओढून वाळत टांगायचे, हे काम. ओला पाईप म्हणजे काय वजन असतं ते ओढणाऱ्यालाच कळतं. 'बाईमाणसाला झेपायचं नाही' म्हणणारे पहिल्या महिन्यातच गप्प झाले. आणि दोरी-कप्पी म्हटलं की केंद्रातल्या सगळ्यांच्या काकूच, म्हणून केंद्राचा लाल झेंडा चढवायचं कामही त्यांच्याकडे आलं. मी तिथंच कंट्रोल रूममध्ये फोन घेते. म्हणजे घरी सासू, कामावर सासू. माझं नशीब!

केंद्रातला कुणी गेला की झेंडा अर्ध्यावर उतरवायचा, अंत्यविधी होईस्तोवर तसाच ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. पण सरळ अर्ध्यावर न्यायचा नाही. आधी पार टोकाला भिडवायचा, क्षणभर थांबायचं, मग हळूहळू खाली आणायचा. काढतानाही तसंच, पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच उतरवायचा. मी नवीन असताना विचारलं होतं, "आई, अर्ध्यावरच का?"

"वरची जागा गेलेल्याची," त्या म्हणाल्या. "बाकावर कुणी आलं तर आपण सरकून जागा देतो की नाही? तसं."

हे सगळं सांगायचं कारण, गोदामाला आग लागली आणि आमचा शिट्टी गेला. सारखी शीळ घालायचा म्हणून शिट्टी. पाईप घेऊन सगळ्यांच्या पुढं आत शिरला आणि छत कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई झेंड्यापाशी गेल्या, तर केंद्राचे साहेब कार्यालयातून बाहेर आले.

"काकू, झेंडा नेहमीसारखा पूर्ण वर चढवा. तो पोरगा एजन्सीमार्फत होता. कंत्राटी. कागदोपत्री आपला माणूस नाही. वरून आदेश नाही."

मी खिडकीतून ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या वर्षी कुठला तरी पुढारी गेला, ज्यानं जन्मात विडीसुद्धा विझवली नसेल, त्याच्यासाठी झेंडा उतरला होता. आणि हा पोरगा आपला नाही?

सासूबाईंनी दोरी हातात घेतली. मला तेव्हाच कळलं की आता काही खरं नाही. त्यांनी झेंडा टोकाला नेला, थांबल्या, आणि सावकाश खाली आणत बरोब्बर मध्यावर आणला. पण दोरी खुंटीला बांधली नाही, तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"उतरवतेय. मळलाय, धुवायला काढतेय."

"मग उतरवा ना पूर्ण!"

"हात भरून आलेत साहेब. वय झालं. जरा दम खाते."

दम खाते! ओले पाईप मनोऱ्याच्या टोकाला नेणारी बाई! आवारात गाड्या पुसणारे सगळे तोंडं फिरवून हसायला लागले. साहेब तरातरा माझ्याकडे आले. "तुमच्या सासूबाईंना समजवा. क्वार्टर त्यांच्या नावावर आहे, लक्षात असू द्या."

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या हाती फोन देऊन मी पळत बाहेर गेले.

"अहो आई, सोडा हा हट्ट. घर जाईल आपलं!"

"जाऊ दे. दुसरं बघू. तुझा चहा तिथंही पांचटच होणार."

"मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतेय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लालभडक. "त्या पोराच्या हातातला पाईप मी वाळवलेला होता. आत शिरताना तू कुणाचा म्हणून आगीनं विचारलं का त्याला? त्याला शेवटचं नेणारी गाडी फाटकावरून जाईस्तोवर मी इथून हलत नाही. जा, फोन वाजत असेल."

हॉस्पिटलातून गाडी निघायलाच उशीर झाला. ऊन डोक्यावर आलं. वारा झेंडा ओढत होता आणि दोरी तळव्यांना कापत होती. पाणी नेलं तर नुसतं तोंड पुढं केलं, मीच पाजलं. मग पाहिलं, त्यांचे दंड थरथरायला लागले होते. झेंडा वीतभर घसरला. त्यांनी दात-ओठ खाऊन पुन्हा जागेवर आणला. माझ्यानं बघवेना. गेले आणि त्यांच्या हातांखाली दोरी धरली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण दोरी सोडवतही नव्हती.

"तुम्हीसुद्धा?" साहेब दारातून म्हणाले.

"सासूबाईंना मदत करतेय साहेब. सुनेचं कामच आहे ते."

"आज बरी आठवण झाली," सासूबाई पुटपुटल्या.

शेवटी गाडी आली. फाटकापाशी वेग कमी झाला आणि थांबली. पुढच्या सीटवर शिट्टीची आई होती. ती खाली उतरली, वर बघत आमच्यापर्यंत चालत आली.

"कुणी साहेब गेले का हो इथले?"

"नाही ताई," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलासाठी उतरवलाय."

त्या माउलीनं झेंड्याकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं, मग दारातल्या साहेबांकडे पाहून एकदम घाबरली. खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, काहीतरी चूक झाली असेल. तो कायम नव्हता, कंत्राटी होता. वर करा पटकन, तुम्हाला कुणी बोलेल."

सासूबाईंनी दोरी आणखी घट्ट धरली.

"बोलू दे," त्या म्हणाल्या, साहेबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "आम्ही धरून आहोत. तुम्ही पोटभर बघून घ्या."

ती तिथंच उभी राहून बघत राहिली. ड्रायव्हरनं गाडीचं इंजिन बंद केलं.