तिसऱ्या मजल्यावरचे आम्ही दोघे

कोरोनाची पहिली लाट ओसरली होती. एका व्यावसायिक कबड्डी संघाने सरावासाठी धारच्या बाहेर, अहमदाबाद रस्त्यावरचं अख्खं हॉटेल घेतलं. खेळाडूंना एकाच जागी कोंडून ठेवलं की काही होणार नाही, असा हिशेब. त्यांचा फिजिओथेरपिस्ट ऐनवेळी आजारी पडला आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. मी देवासची, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरातली. लोकांच्या घरी जाऊन गुडघे-खांदे बघायचे, पण कोरोनाच्या भीतीने मला कोणी घरात घेईनासं झालं होतं. घरी आई एकटी, निवृत्त शिक्षिका, तिला जुना दमा. ती म्हणाली, "जा बाई. माझी काळजी नको करूस. शेजारची मंडळी आहेत."

एकदा आत गेलं की बाहेर पडायचं नाही. जेवणाचा डबा दाराशी ठेवलेला असायचा. तपासणी दर थोड्या दिवसांनी. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या: हिरव्या पट्टीपलीकडे खेळाडू, पिवळीच्या अलीकडे आम्ही, आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर लाल. तो मजला आजारी पडणाऱ्यांसाठी रिकामा ठेवला होता. या सगळ्यावर नजर ठेवायला फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नेमले होते. आम्ही त्यांना सूबेदारसाहेब म्हणायचो.

सगळ्यांना एकमेकांपासून लांब राहण्याचा नियम होता आणि माझं काम नेमकं हात लावण्याचं. दिवसभर कोणाचा घोटा, कोणाची पाठ, कोणाची मान. दोन मास्क, वर चेहऱ्यापुढे प्लास्टिक, ते श्वासाने धुरकट व्हायचं. त्यातून मला माणसं अंदाजानेच दिसत. खोलीत आले की मी हात इतके धुवायचे की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मग त्या भेगांचीच भीती वाटायला लागली.

खेळाडूंमध्ये मराठी बोलणारा एकच होता, सांगलीकडचा. उजव्या कोपऱ्यावर खेळायचा. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की सुटत नसे. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "जरा थांबा, तेल ऊन करून आणते."

तो हसायला लागला. "ताई, ऊन करून? माझी पणजी असं बोलायची."

"आमच्याकडे हीच मराठी उरलीय भिया, अर्धी ही आणि अर्धी हिंदी. भावालासुद्धा आम्ही भियाच म्हणतो."

त्यानंतर तो रोज माझ्याकडून जुने शब्द काढून घ्यायचा आणि रात्री बायकोला फोनवर ऐकवायचा.

एके सकाळी मी मालिशच्या मलमाचं झाकण उघडलं. त्या मलमाला इतका उग्र वास असे की डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी काहीच आलं नाही. मी मास्क खाली करून डबी नाकाला लावली. साबण हुंगला. खिडकीत जाऊन स्वयंपाकघराच्या दिशेने श्वास घेतला. खाली कांदा परतला जात होता, त्याचा चरचर आवाज येत होता, वास नव्हता. आदल्या संध्याकाळी मी त्या सांगलीवाल्याचा खांदा अर्धा तास चोळला होता.

मी दारातूनच सूबेदारसाहेबांना हाक मारली. "सर, मुझे ख़ुशबू नहीं आ रही."

ते झटकन मागे सरले. मग त्यांना त्याची लाज वाटली असावी, कारण एक पाऊल पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सामान बाँध लीजिए, मैडम."

मला तिसऱ्या मजल्यावर हलवलं. दोन दिवसांनी सांगलीवालाही आला, माझ्या शेजारच्या खोलीत. तपासणीत बाकी सगळे सुटले होते. कोणी कोणाला दिला हे कळायला मार्ग नव्हता, पण मला सारखे माझेच हात दिसायचे.

तोवर दुसरी लाट आली होती. धारमध्ये कुठे खाट रिकामी नव्हती, इंदूरला लोक सिलिंडर शोधत फिरत होते. देवासहून आईचा फोन आला की मी आधी तिचा श्वास ऐकायचे. एकदा ती खोकली.

"हा कसला खोकला?"

"फोडणीचा गं. मिरची टाकलीय."

मी तिला फोन कढईजवळ धरायला लावला. तडतड ऐकू आली, तेव्हा पुढचं बोलू शकले.

माझा ताप उतरत गेला. शेजारी त्याचा चढत होता. आमच्या बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ भिंत होती. दुपारी तो पलीकडे खुर्ची टाकून बसायचा आणि आम्ही बोलायचो. एका दुपारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. मी फोन लावला.

"ताई... काही नाही..." मध्ये श्वास. "झोपतो... जरा."

एवढं सतत बोलणारा माणूस एका दमात दोन शब्दांच्या पुढे जात नव्हता. मी त्याला बोटाला ऑक्सिमीटर लावायला सांगितलं.

"ब्याऐंशी," तो म्हणाला. "बिघडलंय... हे."

यंत्र बिघडलेलं नव्हतं. मी संघाच्या डॉक्टरांना इंदूरला फोन केला. ते म्हणाले, अँब्युलन्स पाठवतो, पण कधी पोहोचेल सांगता येत नाही; तोवर त्याला पालथं झोपवा आणि हॉटेलातला सिलिंडर लावा. मी पुन्हा त्याला फोन केला. घंटी भिंतीपलीकडे वाजत राहिली.

सूबेदारसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "आप कमरे से नहीं निकल सकतीं, मैडम. नियम है."

"सर, वो भी पॉज़िटिव है, मैं भी. अब मुझसे उसको क्या होगा? इस पूरे होटल में अकेली मैं ही उसे छू सकती हूँ."

मग ते म्हणाले, "चाबी लाता हूँ."

ते स्वतः आले. सिलिंडर दोन्ही हातांनी कवटाळून जिना चढले, लाल पट्टीवरून आत ढकलला, चावीचं कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि तिथेच उभे राहिले.

तो पलंगाच्या कडेला वाकून बसला होता. ओठ राखाडी पडले होते. मी म्हटलं, "पालथे झोपा."

"नाही... गुदमरतं."

"थोडा वेळ गुदमरेल. वळा."

मला त्याला वळवता येईना. माझ्या दुप्पट वजनाचा माणूस. मी त्याच्या कमरेखाली हात घातला आणि विनवण्या करायला लागले, काय काय बोलले आठवत नाही. शेवटी तोच कसाबसा वळला. छातीखाली उशा दिल्या, नळी लावली. सिलिंडर लहान होता. किती पुरेल ते मला माहीत नव्हतं, म्हणून ऑक्सिजनची धार बेताचीच ठेवली. सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळातला काटा उतरताना दिसत होता. मी एकदा काट्याकडे, एकदा त्याच्या बोटावरच्या आकड्याकडे बघत होते.

त्याने मान माझ्याकडे केली. "ताई, मी मरतोय का?"

"नाही," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. मी हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि पाठ वर आली की पुढच्या वेळेची वाट बघत राहिले. आकडा हळूहळू नव्वदीच्या जवळ आला, तिथे अडकला, पण खाली गेला नाही.

अँब्युलन्स आली तेव्हा काटा लाल खुणेत शिरला होता. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी त्याला उचललं. ते गेल्यावर सूबेदारसाहेब जिन्याच्या पायरीवर बसले.

"मैं अंदर नहीं आ पाया, मैडम."

"सिलिंडर तर तुम्हीच आणलात," मी मराठीतच बोलून गेले. त्यांना ते कळलं.

शिबिर मोडलं. मी बरी होऊन देवासला गेले, तरी कितीतरी दिवस आईचं ताट दाराबाहेर ठेवून मागे सरत होते. सांगलीवाल्याची चौकशी करायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्या बायकोचाच फोन आला, तो इंदूरहून घरी निघाल्यावर. त्याची छाती पुन्हा कोपरा सांभाळण्याइतकी भरली नाही. आता गावाकडे पोरांना पकडी शिकवतो आणि दिवाळीला फोन करतो.

पुढच्या हंगामात त्याच संघाने मला पुन्हा बोलावलं. होय म्हणायला मी खूप वेळ घेतला, पण गेले. पहिल्या खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला.

"दीदी, आपके हाथ काँप रहे हैं."

"हो," मी म्हटलं, "थोड़ी देर में ठीक हो जाएँगे," आणि कामाला लागले.