मावशीचा अर्ज

प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं आणि पिंजऱ्यांची साफसफाई बघणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. तिच्या नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. तीस वर्षं त्यानं गल्लीतल्या बाप-लेकांच्या दाढ्या केल्या; मग कंपवात झाला, हात थरथरू लागला. थरथरत्या वस्तऱ्यापुढे मान कोण देणार? दुकानाला कुलूप लागलं.

योगायोग असा, की मावशीच्या उंदरांनाही प्रयोगासाठी तोच आजार जडवलेला होता. त्यांचं औषध मेंदूपर्यंत पोचावं म्हणून नॅनोकणांत भरून टोचत. "केसाचे उभे हजार भाग केले, तर त्यातल्या एकाएवढा कण," प्रयोग करणाऱ्या डॉक्टरबाईंनी मावशीला समजावलं होतं.

घरी तिच्याकडून हे ऐकून नवरा म्हणाला, "हजार? जन्मभर केस कापले, मला एकाचे दोन नाही जमले!"

दीड महिन्यानं, तोल तपासायच्या फिरत्या दांडीवरून लगेच कोसळणारा एक उंदीर चांगला मिनिटभर टिकला. मावशी घरी धावतच आली. तेव्हापासून नवरा रोज विचारी, "आज किती वेळ टिकला गं?" आणि एकदा हळूच, "मला कधी देतील?"

दुसऱ्या दिवशी मावशीनं मनाचा हिय्या केला. "बाई, एक सुई आमच्या यांना?"

"मावशी, मोठ्या जनावरांत ते कण यकृतातच अडकून बसतायत. तुमच्या माणसाला कशी टोचू?" डॉक्टरबाईंचा आवाज पडला. "माणसांवर चाचणी सुरू झाली, की पहिला अर्ज तुमचा."

ती सुरू व्हायला चार वर्षं गेली. डॉक्टरबाई शब्दाला जागल्या, अर्ज त्यांनी स्वतः भरला. आठवड्याभरात उत्तर आलं: आजार फार पुढे गेलाय, घेता येणार नाही.

मावशीनं कागद नवऱ्याला वाचून दाखवला. त्याची जीभ आता वळत नव्हती, पण कळत सगळं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. "अहो," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून ठेवली.

हल्ली चार घास भरवायला तास जातो. घाई केली की ठसका लागतो. मावशी कामावर उशिरा पोचते. डॉक्टरबाई काही विचारत नाहीत. दोन-तीन पिंजरे तेवढे त्यांनी आधीच धुऊन ठेवलेले असतात.