एका माणसाचं यान

परवा माझ्या मुलाने ठोकळ्यांच्या खेळाचं नवं खोकं फोडलं. कोऱ्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मी कोल्हापूरच्या दवाखान्यात, सुमीच्या खाटेपाशी जाऊन पोचलो.

मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, घराण्यातला पहिला. त्याच तोऱ्यात धाकट्या बहिणीसाठी महाद्वार रोडवरून ठोकळ्यांचं अंतराळयान घेतलं. स्वस्तातलं, मुठीत मावणारं. गगनबावड्याहून आणून तिला भरती केलं होतं. ती आता बरी होणार नाही, असं डॉक्टरांनी आदल्याच दिवशी मला आणि आईला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

सुमीने बारीक झालेल्या बोटांनी ठोकळे दाबून दाबून यान जोडलं. मग मान वाकडी करून ते सगळीकडून पारखलं.

"पंख झ्याक हाईत. पण दादा, ह्यात बसायला एकच जागा हाय की!"

"एवढा शिकलास, आन् एकट्याचंच आणलंस व्हय रं?" आईने मला टोमणा मारला.

"लहान यान आहे. ह्यातनं एकटाच जातो माणूस," मी शास्त्र सांगितलं.

सुमीने यानात बसवलेला नखाएवढा प्लॅस्टिकचा माणूस जागेवरून उपटला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

"मग ह्यो न्हाय जायाचा. तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे ह्येला."

रिकामं यान तिने चादरीवरून उडवलं. आई आणि मी दोघंही हसलो, चांगलं मोठ्याने.

त्याच महिन्यात सुमी गेली. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला काही ठाऊक नाही, असंच आई आणि मी शेवटपर्यंत धरून चाललो होतो.