परक्या घरचा अभ्यास

रविवारी सकाळी पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून दुबईत करामातल्या आमच्या घरातून निघत होते, तेवढ्यात सुलभाताईंच्या यजमानांचा, नानांचा फोन आला. आज येऊ नकोस, म्हणाले. मला वाटलं, पाहुणे आले असतील. मग जरा थांबून म्हणाले, "सुलभा गेली. पहाटे, झोपेतच..." मी पिशवीसकट दारातच खाली बसले. आदल्या रविवारी निघताना सुलभाताईंनी मला सुनावलं होतं, की तुझं लक्ष पुस्तकात कमी आणि खिडकीबाहेर जास्त असतं. तेच आमचं शेवटचं बोलणं. यापेक्षा गोड काही बोलल्या असत्या तर त्या सुलभाताई कसल्या!

ताई ऊद मेथाला राहायच्या आणि एका लहानशा कॉलेजच्या ऑफिसात काम करायच्या. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांचं कॉलेज. माणसं झोकात प्रवेश घेतात आणि शेवटच्या वर्षाला गळतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. कॉलेजच्या भाषेत ती 'ड्रॉपआउट', ताईंच्या भाषेत नुसती 'राहिलेली'. त्यामुळे कुणी भेटलं की तुम्ही किती शिकलात असं न विचारता त्या थेट विचारायच्या, "किती राहिलंय?" मला त्यांनी हे भर हळदीकुंकवात विचारलं. लग्न होऊन दुबईला आले तेव्हा माझं बी.ए. अर्धवट सुटलं होतं. नंतर इथून जमेल तशा परीक्षा देत गेले आणि राज्यशास्त्राच्या एका पेपरात अडकले, दोनदा नापास झाले. शाळेत मी मदतनीस होते आणि पदवी नाही म्हणून मदतनीसच राहणार होते. मी हसून म्हटलं, एकच पेपर तर राहिलाय. ताई हसल्या नाहीत. "एकच राहिलेली माणसं सगळ्यात अवघड. त्यांना वाटतं, काय, कधीही होईल."

त्या शिकवत नसत. राज्यशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांचं काम एकच, माणसांची घरं बदलायची. रविवारी सकाळी प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरी जाऊन अभ्यासाला बसायचं. आपल्या घरात आपण सगळ्यांच्या हाताशी असतो, परक्या घरात पाहुणे असतो, आणि पाहुण्याला कुणी कोथिंबीर आणायला पिटाळत नाही, हे त्यांचं साधं गणित. शिवाय पाहुण्याला लाज असते. परक्या सोफ्यावर तो लोळत नाही की तासन् तास मोबाइल बघत नाही.

मी ताईंकडे जायचे आणि आमच्याकडे त्यांनी संतोषला पाठवलं. संतोष गुहागरकडचा, एका बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर. अल कुसैसला सहा जणांच्या खोलीत राहायचा आणि बी.कॉम.चं शेवटचं वर्ष पलंगावर मांडी घालून उरकायच्या खटपटीत होता. पहिल्या दिवशी तो आमच्या जेवणाच्या टेबलाशी असा अवघडून बसला, की जणू मुलगी बघायला आलाय. पण गंमत पुढेच. माझ्या अभ्यासासाठी ज्या घरात कधी क्रिकेट थांबलं नाही, तिथे संतोष येताच यजमानांनी टीव्ही बंद केला. माझा मुलगा चिन्मय हेडफोन लावून खोलीत गेला. वर यजमान मलाच सांगतात, "जरा हळू बोल, पोरगा अभ्यास करतोय." मला राग यावा की हसू, कळेना. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग? म्हणून तर तुला इकडे बोलावलं." संतोष गेल्या वर्षी पास झाला.

ताईंकडे माझीही तीच बडदास्त. घरी पोळ्या लाटणारी मी, तिथे मला आयती पोळी मिळायची. बिचाऱ्या नानांची मात्र जुने दिवाळी अंक देऊन आतल्या खोलीत रवानगी व्हायची. माझ्याच घरात मी पाहुणा, असं ते कुरकुरायचे, पण बाहेर यायचे नाहीत.

या वेळी मात्र चेष्टा नव्हती. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. हुकली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात... आणि ताई परीक्षेच्या तीन आठवडे आधी गेल्या. मी मनाशी ठरवून टाकलं, खलास, नाही द्यायची. त्यांच्याशिवाय माझ्याने होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुस्तक उघडलं की रडू यायचं.

नानांची मुलगी परदेशातून आली होती. ती परत गेली त्याच आठवड्यात नानांचा फोन आला. "रविवारी ये. पुस्तकं घेऊन ये." नाही म्हणायची हिंमत झाली नाही. गेले. नानांनी दार उघडलं, टेबल पुसून ठेवलं होतं. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मध्येच बाहेर येऊन चहा ठेवून गेले. आयुष्यात कधी गॅसपाशी न गेलेल्या माणसाचा चहा, नुसता साखरेचा पाक! मी सगळा प्यायले. त्या दिवशी खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही.

परीक्षा दिली, निकाल लागला. मी पास झाले. पेढे घेऊन आधी नानांकडे गेले. त्यांनी फोटोपुढे पेढा ठेवला आणि मग म्हणाले, "छान झालं. म्हणजे आता रविवारी तू येणार नाहीस." तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. मी विचारलं, दिवसभर काय करता? म्हणाले, अंक उघडून बसतो, पान उलटत नाही... घरात बसवत नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांना आमच्याकडे बोलावलं. दिवाळी अंक घेऊन या, म्हटलं. चिन्मयने विचारलं, "आई, व्हॉट्स ही स्टडीइंग?" मी म्हटलं, काही नाही, त्यांना बसायचंय. त्याने कुणी न सांगता टीव्ही बंद केला. नाना टेबलाशी बसले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात कुजबुजत होतो. दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ती गेल्यापासून," ते म्हणाले, "वाचलेलं आज पहिल्यांदा कळलं."