मायनरचा चेक आणि सागवानी बैल

"साहेब, माह्या पोराच्या सहीवर पैसे काहून देले तुम्ही?"

भोजराजभाऊंच्या आवाजाने आमच्या एटीएममधून नोटा आपोआप बाहेर पडायच्याच बाकी होत्या. मी नंदनवन वस्तीतल्या एका बँकेचा ब्रांच मॅनेजर. त्यांचा तेरा वर्षांचा वेदांत आमचा खातेदार. तान्हा पोळा तोंडावर होता. त्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल मिरवतात. पठ्ठ्याने सुताराला एकोणीस हजारांचा चेक देऊन सागवानी बैल आणला होता.

"दारातून आत नाही येऊन राहिला! अर्धा अंगणात, अर्धा रोडवर! पैसे वापस करा."

बँकेची चूक ठरली असती, तर एकोणीस हजार माझ्या पगारातून. तरी मी खुर्चीत ऐटीत रेललो. मायनर म्हणजे अठराच्या खालचा. पण दहा वर्षांवरच्या मायनरला सेव्हिंग खातं स्वतः चालवता येतं. बँकेची मर्जी असेल तर चेकबुकही मिळतं. माझी मर्जी तर शाळेत चेकबुकं वाटताना स्टेजवर उतू गेली होती. "वेदांत, आजपासून तुझी सही कलेक्टरच्या तोडीची!" असं मीच माइकवर गर्जलो होतो.

"भाऊ, खातं त्याचं, सही त्याची. त्याचे पैसे त्याच्या चेकवर दिले, बँक मोकळी!"

"म्हणजे माहा काहीच संबंध नाही?"

"काडीचा नाही!" मी टेबलावर हात आपटला. कोर्टात असतो तर जजने उठून टाळी दिली असती.

तेवढ्यात अकाउंटंट कविता मॅडम कानाशी आल्या. "सर, खात्यात पंधराच हजार होते. वरचे चार तुम्ही पास केले."

केले होते. सिस्टीम नको नको म्हणत होती. पण कलेक्टरच्या तोडीची सही बाउन्स कशी होऊ द्यायची? मारला पासवर्ड. खात्यात नसलेले पैसे देणं म्हणजे ओव्हरड्राफ्ट, म्हणजे कर्ज. आणि मायनरकडून कर्ज वसूल करता येत नाही.

मी आवाजाला लोणी लावलं. "भाऊ, तेवढे चार हजार भरून टाका ना. चहा सांगू?"

"मी काहून भरू? काडीचा संबंध नाही ना माहा!" भाऊ हसत उठले. "अन् चहा राहू द्या साहेब, तुमचा खर्च वाढून राहिला."

चार हजार मीच भरले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चार जणांनी ढकललेल्या हातगाडीवरून तो बैल ब्रांचसमोर आला. बैल दारी आला की पोराला बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे द्यायचे असतात. सगळा स्टाफ बघत होता. पाचशे आणखी गेले.

मायनरच्या चेकवर खात्यातल्या बाकीएवढेच पैसे द्यावेत. वरचे द्यायची हौसच असेल, तर बैल तरी आपल्या नावाने घ्यावा.